एका दिवसाला दोन दिवस

परवा एकदाचे नव्या घरात राहायला आलो... रोझ बेल गावाच्या वरच्या अंगाला, उसाच्या मळ्यापासून चांगलं लांब. भेटेल तो विचारतो, दसऱ्याला मिळायचं घर दिवाळीच्या तोंडावर कसं? म्हणून सगळ्यांना एकदमच सांगून टाकतो.

बोटीने समुद्र ओलांडून इथे आलो, तेव्हा मळ्याशी केलेला माझा पाच वर्षांच्या मजुरीचा करार दसऱ्याला संपत होता आणि त्याच दिवशी मजुरांच्या कॅम्पातली खोपटी सोडायची होती. बायकोला, भागीला, नववा महिना लागलेला. त्यामुळे झ्यूल मिस्त्रीकडून घर दसऱ्यापर्यंत पुरं करून घेणं भागच होतं.

मी पडलो संशयी. मळ्यात एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापतात, ते पाच वर्षांत अंगात मुरलेलं... तीच अट मी मिस्त्रीला घातली. घर एक दिवस लांबलं, तर आम्हाला दोन दिवस त्याच्या घरी ठेवून जेवू घालायचं. त्याने हसत कागदावर सहीची फुली मारली आणि मला वाटलं, काय शहाणा मी.

काम झपाट्याने चाललं होतं. दाराची चौकट उभी करायची वेळ आली... आणि लागला पितृपक्ष.

"पितरांच्या पाखात चौकट नाय उभी करायची," भागी म्हणाली. मलाही ते पटलं. मिस्त्रीला सांगितलं, तर तो रंधा खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिला. करार करताना पितृपक्ष मोजायचाच राहिला, ही चूक सर्वस्वी माझी.

दसरा उजाडला तेव्हा घरावर गवत चढलं नव्हतं. बोचकी बांधून आम्ही कॅम्पाच्या वाटेवर बसलो होतो, जायचं कुठे ते ठाऊक नव्हतं. मिस्त्रीला तोंड दाखवायची लाज वाटत होती... आणि तोच समोरून बैलगाडी घेऊन आला.

"उशीर आमच्यामुळे झालाय," मी म्हटलं.

"कुणामुळे ते कागदात नाही," तो त्याच्या क्रिओल बोलीत म्हणाला. "चढा गाडीत. जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांनी मला राबवलं. माझ्या मर्जीने फुली मारलेला हा पहिला कागद आहे, तो मी खोटा पडू देणार नाही."

मिस्त्री ऐन तारुण्यात गुलाम होता, हे मला तेव्हा कळलं. मान वर होईना माझी.

नऊ दिवसांनी घर पुरं झालं. मी सामान उचलायला लागलो, तर मिस्त्रीची बायको आनेत दारात आडवी उभी. "नऊचे दुप्पट अठरा. अजून नऊ दिवस राहायचंय तुम्हाला," ती म्हणाली. अट माझीच... मुकाट्याने बोचकं खाली ठेवलं.

बाराव्या दिवशी सकाळी भागीला कळा सुरू झाल्या. मूल पायाळू. आमच्या नव्या घराच्या आसपास हाकेला ओ देईल अशी एक बाई नाही... इथे मात्र आनेतने आजवर कितीतरी बाळंतपणं केलेली. दुपारी मुलगी रडली, तेव्हा मी मिस्त्रीच्या खांद्यावर डोकं ठेवून तिच्याहून मोठ्याने रडलो.

अठरा दिवस भरल्यावरच आनेतने आम्हाला सोडलं. भीतीपोटी घातलेल्या माझ्या अटीने माझी दोन माणसं वाचली.

या मुलखात आपलं कुणी नाही, असं पाच वर्षं म्हणत आलो... आता ते म्हणवत नाही.