तुटलेल्या स्प्रिंगचा जोड

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला पुंडलिकनगरातल्या आमच्या घरमालकीण काकू आठवतात. वडिलांच्या कष्टांना उपकार म्हटलेलं त्यांना आवडणार नाही. काकू मात्र परक्या होत्या. त्यांची शाळा चौथीपर्यंत झालेली, आणि विजेचं गणित मला त्यांच्या शेगडीवर समजलं.

वडील लासूर स्टेशनच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करत. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. मराठी शाळेतून शहरात इंजिनिअरिंगला आलो, काकूंकडं भाड्यानं खोली घेतली आणि पहिल्याच वर्षी विजेच्या विषयाची तोंडी परीक्षा समोर आली. सरांनी विचारलं, "दोन शेगड्या आहेत. एक पाचशे वॅटची, एक हजारची. रोध कुणाचा जास्त?"

"हजारच्या शेगडीचा, सर."

"का?"

"ती जास्त तापते."

रोधामुळे उष्णता निर्माण होते, हे शाळेत पाठ केलं होतं. मग रोध जास्त तिथं ताप जास्त, यात मला शंकाच नव्हती. सरांनी मान हलवली आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

मी नापास झालो. महिन्याभरात फेरपरीक्षा होती, तीतही नापास झालो तर वर्ष जाणार. माझा धीरच सुटला. निकाल पाहून खोलीवर आलो आणि वळकटी बांधली. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कुठं निघालास?"

"गावाकडं. मला हे जमणार नाय, काकू."

"मग काय करणार?"

"बापूसोबत मोंढ्यात जाईन."

"ह्या दंडांनी? पोत्याखाली तू दिसायचा पण नाय." त्यांनी वळकटीकडं बघितलं. "जायचं तर जा. पण शेगडीची स्प्रिंग तुटलीय, तेवढी जोडून दे. लाइटीचंच शिकतोस ना?"

विजेची शेगडी म्हणजे खाचा पाडलेली मातीची गोल थाळी, आणि त्या खाचांत बसवलेली वेढ्यांची तार. त्या तारेला सगळे स्प्रिंग म्हणत. तुटली की लगेच नवी कोणी आणत नसे. जळकी टोकं तोडायची, उरलेली तार ओढून घ्यायची आणि पीळ घालायचा, अशी रीत होती.

मी पिन काढून ठेवली आणि जोड दिला. तोडलेली टोकं फेकायला निघालो तर काकूंनी पावडरचा रिकामा डबा पुढं केला. आत आधीच्या सगळ्या जोडांचे तुकडे होते.

"हे कशाला ठेवलंत?"

"मी काय टाकत नाय. पण एक हाय बघ, दर जोडाला शेगडी तेज होती. नवी आणली तवा चहाला लई वेळ लागायचा."

"उलटं असेल, काकू. तार कमी झाली म्हणजे रोध कमी. रोध कमी, तर ताप कमी."

"चहा रोज कोण करतंय? तू का मी?"

मी डबा जमिनीवर पालथा केला आणि तुकड्यांचे वेढे मोजले. मग शेगडीतले मोजले. एकूण तारेचा चौथा हिस्सा डब्यात होता. त्या दिवशीची गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी औरंगपुऱ्यात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका चाचांकडून मीटर मागून आणलं. "लेके जा," ते म्हणाले, "लेकिन घरकू आग नक्को लगा रे, इंजिनेर!"

मीटर लावलं. दाब दोनशे वीस व्होल्ट. प्रवाह साडेपाच अँपिअर. वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला: रोध चाळीस ओहम. गुणाकार केला: बाराशे दहा वॅट. शेगडीच्या बुडाला तर दोनशे तीस व्होल्ट, हजार वॅट असं छापलेलं. त्यावरून नव्या स्प्रिंगचा रोध काढला, तो त्रेपन्नच्या आसपास आला. त्याचा पाऊण हिस्सा चाळीस. डब्यातल्या तुकड्यांचा हिशेब नेमका जुळत होता.

घरातला दाब तर तोच राहतो. रोध कमी झाला की प्रवाह वाढतो, आणि त्याच दाबावर प्रवाह वाढला की शक्ती वाढते. काकू बरोबर होत्या. हजारच्या शेगडीचा रोध कमीच असणार.

वळकटी मी सोडली. मीटर परत करताना औरंगपुऱ्यातूनच नवी स्प्रिंग आणली, कारण पाच अँपिअरच्या सॉकेटवर साडेपाच अँपिअर चालले होते. ती बसवल्यावर मात्र काकू आठवडाभर कुरकुरत होत्या, "तुझी स्प्रिंग लई आळशी हाय."

फेरपरीक्षेला तेच सर होते. त्यांनी या वेळी बल्ब घेतले, चाळीसचा आणि शंभरचा. मी न अडखळता सांगितलं, शंभरच्या बल्बचा रोध कमी. "का?" त्यांनी विचारलं. मी तुटलेल्या स्प्रिंगची गोष्ट आकड्यांसकट सांगितली. सर पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "काकूंना माझा नमस्कार सांग."

तो नमस्कार सांगायचा राहून गेला. घरी जाऊन मी नुसतं "पास झालो" म्हणालो. पदवी मिळाली, पुण्यात नोकरी लागली, आणि तिथून मी त्यांना हे पत्र पाठवलं:

"काकू, तुमच्या पायांवर डोकं ठेवून लिहितो. अक्षर मोठं काढलंय, चष्मा नसला तरी वाचता येईल. काल माझ्या हाताखाली एक नवीन मुलगा आला. मी त्याला पहिला प्रश्न शेगडीचा विचारला. चुकला. रागावलो नाही. आमच्या सरांनी तुम्हाला नमस्कार सांगितला होता, तो चार वर्षं माझ्याकडंच राहिला. आज माझ्या नमस्कारासोबत पाठवतोय.

एक विचारायचं होतं. तोपर्यंतचे सगळे जोड तुम्ही स्वतः दिले होते, डबा साक्षीला आहे. मग त्या दिवशीच मला का हाक मारलीत? स्प्रिंग खरंच तुटली होती, का तुम्ही तोडली? नाही सांगितलं तरी चालेल.

आता तुटली तर मात्र जोडू नका. सोबत एक नवी पाठवतोय. आळशी आहे, पण चहा होतो."