पेटू नये, तुटू नये

गायके साहेब विडी-सिगारेट ओढत नसत, पण त्यांच्या खिशात कायम काडेपेटी असायची. कोणतीही नवी वस्तू दिसली की ते तिचा नखाएवढा तुकडा कापून घेत, आवारातल्या वाळूच्या बादलीजवळ उकिडवे बसत आणि त्याला काडी लावत. पडद्याचं कापड, छत्रीची मूठ, मिठाईच्या खोक्यावरची रिबीन, काहीही. मी कामाला लागले त्या दिवशी त्यांची नजर माझ्या पायांकडे गेली. "बाई, जरा चप्पल द्या," म्हणाले. मी लाजेने मान खाली घालून चप्पल काढून दिली. त्यांनी पट्ट्याचं टोक कातरलं, पेटवलं आणि ठिबकणारा थेंब वाळूत पडताना निरखून पाहिला. "ही घालून चुलीपाशी बसत जाऊ नका," असं सांगून चप्पल परत केली. माझी नोकरी अशी सुरू झाली.

आमचा कारखाना चिकलठाण्याला होता. खिडक्या-दारांच्या काचांभोवती बसतात त्या रबराच्या पट्ट्या तिथे व्हायच्या. रबरात काजळी, तेल, गंधक मळायची खोली साहेबांच्या ताब्यात होती. शेजारच्या हॉलमध्ये आम्ही बायका तयार पट्ट्यांच्या कडा कातरत बसायचो. उरलेलं कातरण आणि नापास पट्ट्या घरी न्यायला आम्हाला मुभा होती. कातरणाने चूल चटकन पेटायची. पट्ट्यांनी सरपणाची मोळी बांधता यायची. मुकुंदवाडीला माझ्या दारातली शेळीसुद्धा अशाच पट्टीने खुंटीला बांधलेली असे.

चुलीत रबर घालणं साहेबांना बिलकूल आवडत नसे. ते लासूर स्टेशनकडच्या शेतकऱ्याच्या घरचे. रागावले की शिकलेली भाषा बाजूला ठेवायचे. "काळा धूर गिळता अन् मग खोकत बसता. अहो, आग दिसती तरी, माणूस पळतो. धूर गुपचूप येतो अन् गळा धरतो!" आम्ही माना डोलवायचो आणि संध्याकाळी पदरात कातरण बांधून घरी जायचो.

मग एक दिवस शेठजी हॉलमध्ये आले. जुनं काम कमी होत चाललं होतं. रेल्वेच्या डब्यांच्या खिडक्यांना पट्ट्या करायचं नवं काम मिळण्यासारखं होतं, पण अट अशी की पट्टी आगीत पेटता कामा नये आणि ताणली तर तुटता कामा नये. "हे काम आलं नाही, तर कातरणीचा हॉल बंद करावा लागेल," असं शेठजी सरळ सांगून गेले. आमच्यातली सगळ्यात तोंडाळ म्हणजे कडूबाई. तीसुद्धा त्या दिवशी मान वर न करता कातरत राहिली.

साहेबांनी रबरात एक पांढरी पूड घालायला सुरुवात केली. ते म्हणायचे, "ही पूड लई गुणाची. आगीत पडली की तिला घाम फुटतो, अन् त्या घामानं आग विझती." पहिला घाणा निघाला. त्याचं कातरण आणि काही पट्ट्या त्यांनी काही न बोलता आमच्या नेहमीच्या टोपलीत टाकल्या. त्यांच्या मनात काय होतं ते आम्हाला दुसऱ्या सकाळी कळलं.

कडूबाई फाटकातूनच ओरडत आली. "साहेब, काय मेलं रबर दिलं! अर्धी काडेपेटी संपली, चूल पेटंना. पोरं उपाशी शाळेला गेली माझी!"

साहेब खुर्चीतून उठले. "खरंच पेटंना?"

"देवाशप्पथ नाय पेटलं!"

"मतीनभाई, पेढे आणा!" रबर मळायच्या यंत्रावर असणाऱ्या मतीनभाईंना साहेबांनी हाक मारली.

"माझी पोरं उपाशी अन् ह्यांना पेढे सुचतात," कडूबाई म्हणाली. पण पेढे आल्यावर तिने पोरांच्या वाटणीचेही मागून घेतले.

पेढा अजून त्यांच्या तोंडात होता, तेवढ्यात मी दारात जाऊन उभी राहिले. माझ्या हातात तुटलेली पट्टी होती. मला तोंड उघडवेना.

"शेळी?" साहेबांनी विचारलं. मी मान हलवली.

"सुटली? काय खाल्लं?"

"मेथी."

"कुणाची?"

"हवालदारांची," मी म्हणाले आणि रडायलाच लागले. शेजारच्या हवालदारांनी मेथीचा तो वाफा मोठ्या हौसेने लावला होता.

साहेब हसले नाहीत. पट्टी हातात घेऊन त्यांनी भिंग मागवलं आणि तुटलेली जागा उजेडात धरली. तिथे पांढरे दाणे दिसत होते, पिठात गुठळ्या राहाव्यात तसे. "तुम्ही बोलत नाय बाई," ते म्हणाले, "पण तुमची शेळी बोलती." हवालदारांना त्यांनी लासूरच्या बाजारातून मेथीची पेंढी पाठवली, आणि दुसरी माझ्या शेळीला.

पुढचे दिवस फार गमतीचे आणि फार काळजीचे गेले. आग रोखली तर शेळी सुटायची, शेळी राखली तर चूल पेटायची. पूड वाढवली की रबर भाकरीसारखं तडकायचं, कमी केली की कडूबाईचा स्वयंपाक वेळेवर व्हायचा. कडूबाई हसत कामावर आली की साहेबांचा चेहरा पडायचा. ती शिव्या देत आली आणि मी तुटकी पट्टी न घेता आले, की दिवस चांगला. पण दोन्ही एकदम काही होईना. आम्ही सगळ्या हॉलकडे असं बघायचो, जणू तो उद्याच उचलून नेणार आहेत.

शेवटी साहेबांनी मैद्यासारखी बारीक पूड मागवली. रबराने तिला घट्ट धरून ठेवावं म्हणून तिला एक औषध चोळून घेतलं. तेल आगीला खाद्य घालतं म्हणून तेही कमी केलं. आणि पूड एकदम ओतायची नाही, मूठमूठ घालायची, असा हुकूम सोडला. मतीनभाई यंत्रापाशी उभे राहून वैतागले. "साब, ऐसा मुठ्ठी मुठ्ठी डाला तो ईद आ जाती!"

"येऊ द्या. शिरखुर्मा इथंच करू," साहेब म्हणाले.

त्या घाण्याची पट्टी घेऊन ते रविवारी सकाळी स्वतः माझ्या दारात आले. आपल्या हाताने शेळी बांधली आणि हिरवागार घास तिच्या तोंडापासून वीतभर लांब ठेवला. मग पालथ्या बादलीवर बसून चहा पीत राहिले. शेळीने ओढलं, झटके दिले, मागच्या पायांवर उभी राहिली. हवालदार वाफ्यापाशी काठी घेऊन उभे. ऊन चढलं तशी शेळी दमली, खाली बसली आणि साहेबांकडे पाहून मोठ्याने ओरडली. साहेबांनी उठून तिला हात जोडले आणि घास तिच्यापुढे सरकवला. तेवढ्यात गल्लीच्या टोकावरून कडूबाईच्या शिव्या ऐकू आल्या. चूल पेटत नव्हती. साहेब बादलीवर परत बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसले.

तपासायला आलेल्या अधिकाऱ्यांनी पट्टीला ज्योत लावली. ज्योत काढताच पट्टी विझली. यंत्रावर ताणली, तर ताणलीच गेली, तुटली नाही. त्यांतले एक जण म्हणाले, "तुम्ही तर अगदी निर्धास्त दिसता."

"मुकुंदवाडीला तपासून घेतलं होतं," साहेब म्हणाले.

"तिथे कोणती प्रयोगशाळा आहे?"

"आहे एक. चार पायांची."

शेठजींना जोराचा खोकला आला. पण काम मिळालं आणि आमचा हॉल राहिला. चुलीसाठी मात्र आम्हाला पुन्हा काटक्या गोळा कराव्या लागल्या. कडूबाई त्याबद्दल साहेबांना अखेरपर्यंत बोलत होती.

निवृत्त होऊन साहेब गावी राहायला गेले आणि काही वर्षांनी तिथेच वारले. पावसाळ्याचे दिवस होते. त्यांच्या मातीला कारखान्यातून मतीनभाई आणि आणखी काही जण गेले, माझे मालक, म्हणजे घरधनी, तेही गेले. लाकडं ओली होती, चिता धरेना. पावसाळ्यात चिता पेटवायला आणतात तसा कुणीतरी जुना टायर गडगडत आणला. मतीनभाई हात आडवे करून पुढे उभे राहिले. "टायर नको. साब को काला धुआँ नहीं चलता." मग कुणाच्या तरी गोठ्यातल्या कोरड्या गोवऱ्या येईपर्यंत सगळे थांबले. थांबलेल्या माणसांत आमच्या कारखान्यातलं कुणीतरी हळूच म्हणालं, "साहेबांचा माल आहे. सहजी पेटायचा नाय."

मालकांनी हे मला घरी येऊन खाली मान घालून सांगितलं, कारण तिथे त्यांना हसू आलं होतं. मी पदर तोंडाला लावला, पण माझं हसू थांबेना, आणि नंतर रडूही. दारात त्या शेळीची नात खुंटीला झटके देत होती. पट्टी तीच होती. ताणली गेली आणि पुन्हा जागेवर आली.