अप्पांनी जोडलेले धागे

मंडळी, आज मी घाण वागलोय. लाइक नका करू, फक्त वाचा.

दुपारी इथे सोलापुरात एका कलाकार जोडप्याचा प्रयोग होता. तो शिल्पकार, ती नर्तकी. भंगारातल्या मागावर त्यांनी शेकडो धागे ताणलेले, त्यातले काही मुद्दाम तोडलेले. ती त्या धाग्यांमधून नाचणार, तो फिल्म करणार. मी हौसेने वडिलांना, अप्पांना, घेऊन गेलो. उभा जन्म त्यांनी माग चालवलाय.

नाच सुरू व्हायच्या आधी मी ओळखीच्या लोकांत उभा होतो. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अहो, हात लावू नका! कुणाबरोबर आलेत हे?"

अप्पा ते तुटलेले धागे जोडत होते! सगळे हसले. मी मान खाली घालून मोबाइल बघत राहिलो.

नर्तकी धावत आली, पण रागावली नाही. "काका, बोटांचं ते परत दाखवाल?"

अप्पा ओशाळले. "तुटलेला धागा दिसला की हात गप बसत न्हाय बगा."

त्यांनी परत गाठ मारली. तीही शेजारी बसून तशीच बोटं फिरवू लागली. कॅमेरा सुरू झाला, टाळ्या पडल्या. मग मी पुढे झालो, फोटोसाठी!

तेवढ्यात तिनं विचारलं, "कुणाबरोबर आलात काका?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "एकटाच आलोय की," म्हणाले.

घरी येताना ते माझ्याच गाडीवर मागे बसले होते. आता आत टीव्ही बघतायत, मी जिन्यात बसून हे लिहितोय. काय बोलत आत जाऊ, सांगा.