ओसरीवरचं हळदीकुंकू

कुंकवाची डबी उघडली की मला हटकून आठवते स्कारबरोच्या वृद्धाश्रमातली ती गोरी आजी. कॉलेज सांभाळून मी तिथे पार्ट-टाइम करायचे, पण मन रमत नव्हतं, मायदेशी परत जायचं पक्कं करून बसले होते. संक्रांतीला कुंकू लावून कामावर गेले, तर ती व्हीलचेअरवरून चक्क मराठीत म्हणाली, "मला नाही का गं लावणार?" माझ्या हातातला सूपचा वाडगा पडायचाच बाकी होता! मग कळलं, तिचे आईवडील जर्मन मिशनरी, आई आपल्याकडच्या एका खेड्यात बायकांना शिकवायची. दुसरं महायुद्ध पेटलं आणि इंग्रज सरकारने त्यांना शत्रू ठरवलं. वडिलांना छावणीत नेलं, आईला गावाबाहेर पडायची बंदी, शाळेला कुलूप. "मग हो?" मी विचारलं. "मग काय, बायकांनी आमच्या ओसरीवर दर शुक्रवारी हळदीकुंकू सुरू केलं," ती खुदकन हसली. "चौकशीला हवालदार आला, तर त्याचीच बायको आतून ओरडली, हळदीकुंकवात पुरुषांचं काय काम? तो गेला मुकाट्याने, आणि पदराखालच्या पाट्या बाहेर आल्या." मी तिच्या सुरकुतल्या कपाळावर बोट टेकवलं, तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. मी काही परत गेले नाही. आता शुक्रवारी माझ्या बेसमेंटमध्ये नव्याने आलेल्या, बावरलेल्या पोरी हळदीकुंकवाला जमतात, आणि कुंकू लावून झालं की इंटरव्ह्यूच्या तयारीसाठी लॅपटॉप बाहेर येतात.