सोनेरी पानावरचा घास

परदेशातल्या या नास गावात आमच्या घरामागे ऊन फारसं येतच नाही. तिथल्या सावलीत होस्टा नावाच्या शोभेच्या रोपाची रुंद, सोनेरी पानं दिवा लावल्यासारखी उजळतात. आज ओल्या मातीचा वास आला आणि खूप वर्षांपूर्वी इथे आलेली आई आठवली.

बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. पितृपक्षात केळीचं पान मिळेना, म्हणून आईनं होस्टाचं सगळ्यात मोठं पान तोडलं. त्यावर वरणभात, तूप, खीर वाढून ते बागेच्या भिंतीवर ठेवलं. समोर झाडावर कावळे होते, पण एकही खाली उतरेना.

"काही राहून गेलं का गं त्यांचं?" आई पदर मुठीत धरून पुटपुटली.

तेवढ्यात एक बिनशंखाची गोगलगाय भाताकडे सरकू लागली. माझ्या पानांची चाळण करणारी हीच जात. मी उचलायला वाकले.

"राहू दे," आई म्हणाली. कित्येक दिवसांनी ती हसत होती. "तेही असेच जेवायचे. सगळ्यांची ताटं उचलली, तरी यांचा पहिला भात चाललेला."

आज पानाला पुन्हा नवं भोक दिसलं. मी हळूच म्हटलं, "सावकाश होऊ द्या."