चहा नको म्हणणारे

मोडी वाचणारे एक निवृत्त कारकून दर रविवारी लुनावरून आमच्याकडं येत. माझ्या दिवंगत प्राध्यापक वडिलांना सहकाऱ्यांनी मोडीत लिहिलेली जुनी पत्रं आधी ओठांतल्या ओठांत वाचत, मग मोठ्यानं. चहा विचारला की मात्र, "नको." आम्ही बौद्ध, असल्या 'नको'ची सवय होती, तरी लागायचं.

शेवटच्या पत्रात एका प्राध्यापकांनी लिहिलं होतं, "परवा तुमच्याकडं तांबडा रस्सा तीनदा मागून घेतला. पुन्हा कधी बोलावता?"

कारकून खळखळून हसले. पत्रं फडक्यात बांधून कपाटात ठेवली.

"ताई, आता टाका की च्या. कागदावर थेंब सांडला तर शाई पसरती, म्हणून इतकं दिवस मन मारलंय."

बशी पुढं करून त्यांनी दुसऱ्यांदाही मागून घेतला.