कॅरिअरवर बसलेला

मंडळी, भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. अमरावतीत आमचं घर भिक्षुकाचं. वडील गावभर शांती करत हिंडायचे आणि मी त्यांच्या तोंडावर "थोतांड!" म्हणायचो. तरी हे लिहून राहिलो... पटलं तर घ्या.

साठ-एकसष्टची गोष्ट. मी धारणीला देवी टोचण्याच्या कामावर होतो. जीप वरच्या साहेबांना, आम्हाला सायकल. रानवाटेनं सामानासकट ती ढकलता ढकलता जीव जायचा, म्हणून मी तिचं मडगार्ड, चेनकव्हर, स्टँड, घंटी... सगळं काढून टाकलं होतं. एका हातानं उचलून नाला ओलांडावा इतकी हलकी! कॅरिअरवर जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळलेली वळकटी, मधल्या दांडीला पिठामिठाची पिशवी, बस्स. लशीचा थर्मास मात्र गळ्यात. तो हादऱ्यानं फुटला की सगळं मुसळ केरात.

त्या दिवशी घाई होती. एका गावात देवी निघाल्या होत्या आणि शेजारच्या कोरकू वस्तीतली पोरं टोचायची होती. थर्मासमधला बर्फ दुपारपर्यंतच टिकणार होता. सोबत आमचे शिपाई गणपतराव, अंजनगावचे, वयानं मोठे, त्यांच्या सायकलवर. वाटेत एका झाडाखाली बसून भाकरी खाल्ली. तिथं कोरकूंनी मेलेल्यांच्या नावानं रोवलेल्या कोरीव फळ्या होत्या. गणपतराव ओढ्यावर पाणी प्यायला गेले. मी हात झटकले आणि उठता उठता म्हणालो, "चला!"

जवळ कुणीच नव्हतं. पण आपण म्हणतोच की, एकटे असलो तरी.

टांग मारली आणि मागचा टायर रिमपर्यंत दबला. आणि वास... शी! देवीच्या रोग्याचा वास मला ओळखीचा, पुवाचा, खपल्यांचा. हा तोच, पण शिळा, नासलेला. मग पाठीला काहीतरी टेकलं. डबलसीट बसलेला माणूस पाठीवर गाल टेकवतो ना, तसं. कोमट, चिकट. मी थांबलो आणि खाल्लेली भाकरी तिथंच ओकलो.

गणपतराव आले, चाकाकडे बघत राहिले. "साहेब, 'चला' कोनाले म्हनलं जी तुमी? मले ओढ्यावर आयकू आलं."

"कुणाला नाही. सवय आहे."

"कोनी तरी आयकलं ना पन."

मी ओकाऱ्या काढत सायकल ढकलत राहिलो. वस्ती दिसू लागली तशी त्यांनी आपली सायकल आडवी घातली. "तिथं लेकरं हायेत साहेब. याले इथंच सोडा. 'उतरा' म्हना, बस."

"वळकटीला 'उतरा' म्हणू? वेड लागलं का? बर्फ वितळून राहिला इकडे!" शिकलेला ना मी!

पहिल्याच झोपडीसमोर थांबलो आणि सायकल एकदम हलकी झाली. वास गेला. मला इतकं बरं वाटलं की मी हसलो. पोरं टोचली आणि परत आलो.

आठ दिवसांनी टोचलेले हात तपासायला गणपतरावांसोबत पुन्हा गेलो. पहिल्या झोपडीची बाई भर उन्हात अंगणात बसलेली, मांडीवर तान्हं, भांडीकुंडी सगळी बाहेर काढलेली. मला बघून उठली. "डॉक्टर, तुम्हारा आदमी अंदर बैठा है. उस दिन गाडी के पीछे था, वो. बच्चे के पास सोता है. लेके जाव."

दारातून तो वास आला.

"म्हना साहेब," गणपतराव हळूच बोलले. "तुमीच आनला. 'चला' म्हना."

एक शब्द होता हो! पण तो ओला गाल पाठीला आठवला आणि माझं तोंडच उघडेना. मी सायकल वळवली आणि पळालो. मागून गणपतरावांचा आवाज ऐकला, शांत, पाहुण्याशी बोलावं तसा... "चला जी."

दिवस मावळायच्या आत ते धारणीला पोचले, सायकल हातानं ढकलत. मी माझ्या खोलीच्या खिडकीतून पाहिलं. सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी माझ्या दारावर थाप मारली. "साहेब, पान्याची बादली द्या जी."

मी कडी काढली नाही. तिसऱ्यांदा थाप पडली तेव्हा मी कानांवर उशी दाबली.

पुढे मी चांदूर रेल्वेला बदली मागून घेतली. कोण होतं ते, गणपतरावांनी त्याला कुठं उतरवलं, की उतरवलंच नाही, मला ठाऊक नाही. त्यांना विचारायला तोंड नव्हतं. त्या वासाची किळस केव्हाच गेली. माझी मला येते, ती अजून आहे.